बंदुकीचा हक्क आणि संरक्षणाचे देणे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ खाप्यातील ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा एक दंडक होता असे मला कार्यकर्त्यांनी सांगितले. वक्त्याने जगाचे खुशाल सांगावे, पण कन्हानकाठच्या माणसाला त्यातले काय लागू पडते तेही सांगावे. तो दंडक पाळायचा मी प्रयत्न करतो. विषय आहे, नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क असावा की नसावा. अमेरिकेत एखाद्या शाळेत गोळीबार झाला की आपल्या वाहिन्यांवर दोन दिवस हा वाद रंगतो आणि विरून जातो. तो त्यांचा प्रश्न, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आपण धरून चालतो. पण नागपूरने हा प्रश्न फार पूर्वी भर रस्त्यात विचारलेला आहे, आणि त्यावर दिल्लीत जी वादावादी झाली तिच्यातही या प्रांताचा माणूस उभा होता.

साल १९२७. झेंडा सत्याग्रहाला चार वर्षे झाली होती. मंचरशा आवारी या पारशी कार्यकर्त्याने, ज्यांना लोक जनरल आवारी म्हणत, नागपुरात नवा सत्याग्रह उभा केला. झेंड्याच्या जागी या वेळी तलवार होती. परवाना न काढता ती उघड हातात घ्यायची, रस्त्याने चालायचे आणि अटक करवून घ्यायची. बंगालमध्ये विनाचौकशी डांबून ठेवलेल्या राजबंद्यांना सोडा, ही त्यामागची हाक होती. मोडायचा कायदा मात्र शस्त्रांचा होता. आवारींना शिक्षा झाली, त्यांच्या मागून बाकीचेही तुरुंगात गेले. झेंडा सत्याग्रह आपल्या पाठ्यपुस्तकांत आला, हा तलवारीचा सत्याग्रह आला नाही. मला त्याचे वाईट वाटते, कारण या विषयातला सगळा पेच त्या एका मिरवणुकीत भरलेला आहे.

त्यांनी मोडलेला कायदा १८७८चा. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना तो आला. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आला. वर्तमानपत्रांचा कायदा पुढे रिपनच्या काळात रद्द झाला, शस्त्रांचा राहिला. त्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र ठेवणे गुन्हा झाले, आणि गोऱ्या माणसाला त्यातून सूट मिळाली. राग होता तो या सुटीचा. तुमच्या शेजारच्या बंगल्यातला साहेब दोन बंदुका टांगून बसणार आणि ज्याच्या आजोबाने भोसल्यांच्या फौजेत चाकरी केली त्याने म्यानातली तलवार ठाण्यात जमा करायची. काँग्रेस जन्मून दोन वर्षे होतात न होतात तोच, १८८७च्या मद्रास अधिवेशनात, या कायद्यावर ठराव झाला. आम्ही राजनिष्ठ असताना आमच्यावर हा संशयाचा डाग कशाला, असा त्याचा सूर होता. बंदुका हव्यात असे त्यांचे म्हणणे नव्हते. आम्हाला कमी लेखू नका, असे ते म्हणत होते.

गांधीजींनी १९१८ साली गुजरातेत सैन्यभरतीसाठी पत्रक काढले, त्यात इंग्रजांच्या सर्व दुष्कृत्यांत अख्ख्या राष्ट्राचे शस्त्र काढून घेणारा कायदा सर्वांत काळा ठरेल, या अर्थाचे एक वाक्य आहे. आज अमेरिकेतले बंदूकवाले ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापतात आणि गांधींनाही आपल्या बाजूला उभे करतात. ते वाक्य कोणत्या पत्रकातले, हे मात्र सांगत नाहीत. महायुद्ध चालू होते, गांधीजी खेड्यापाड्यांत फिरून फौजेत जा म्हणत होते, आणि शस्त्र चालवायला शिकण्याची संधी आली आहे असे पटवत होते. घरोघर पिस्तूल असावे असा त्याचा अर्थ काढणे हा अन्याय आहे.

नऊ वर्षांनी नागपुरात आवारींनी तलवार उचलली, तेव्हा याच गांधीजींनी तिला पाठिंबा दिला नाही. शस्त्रांचा कायदा वाईट आहे हे त्यांना मान्य होते. पण हातात तलवार घेऊन केलेला कायदेभंग अहिंसक सत्याग्रहात कसा बसणार, असा त्यांचा आक्षेप होता. मी दोन्ही बाजू पुनःपुन्हा वाचल्या आहेत, आणि मला वाटते गांधीजींचे बरोबर होते. झेंडा हातात असताना समोरचा शिपाई तुम्हाला मारायला लाजतो. तलवार हातात असली की तोच शिपाई तुम्हाला घाबरतो, आणि घाबरलेला माणूस काय करील याचा नेम नसतो. त्याच वर्षी सप्टेंबरात नागपूर शहरात हिंदू-मुसलमान दंगल पेटली आणि माणसे मेली. सत्याग्रहाचा आणि दंगलीचा कार्यकारणसंबंध मी जोडत नाही. पण ज्या शहरात सत्याग्रही तलवारी घेऊन निघाले होते, त्याच शहरात काही महिन्यांत रस्त्यावर रक्त सांडले, ही गोष्ट आवारींच्या धैर्यापुढे नतमस्तक होतानाही विसरता येत नाही.

मागणी मात्र थांबली नाही. १९२८च्या नेहरू अहवालात मूलभूत हक्कांच्या यादीत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे. १९३०च्या जानेवारीत गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने लोकांच्या नियंत्रणाखाली मिळावेत ही एक होती. १९३१च्या कराची ठरावात तो हक्क पुन्हा आला. तेव्हा स्वराज्य आल्यावर हा हक्क घटनेत लिहिला जाणार, असे कोणालाही वाटले असते.

तो लिहिला गेला नाही. १ आणि २ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्वातंत्र्याच्या हक्कांवर चर्चा झाली. हरि विष्णु कामत यांनी दुरुस्ती मांडली, की कायद्याच्या नियमांना धरून प्रत्येक नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क द्यावा. कामत आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी. आयसीएसची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेलेला हा तडफदार माणूस. आवारींनी नागपूरच्या रस्त्यावर जे मागितले, ते कामतांनी दिल्लीच्या सभागृहात मागितले.

उत्तर बाबासाहेबांनी दिले. ते उत्तर प्रत्येक मराठी मुलाने वाचावे असे आहे. ते म्हणाले, काँग्रेसने हा हक्क मागितला होता हा इतिहास आहे, तो कोणी नाकारत नाही. पण तेव्हा परके सरकार होते, आणि ते शांततेसाठी नव्हे, तर गुलाम प्रजेने उठाव करू नये म्हणून शस्त्र नाकारत होते. ती परिस्थिती आता उरली नाही. प्रत्येकाने बाजारात जाऊन हवे ते शस्त्र विकत घ्यायचे म्हटले तर राज्य चालणार कसे? आणि हक्कापेक्षा कर्तव्यावर भर द्या, असेही ते म्हणाले. देशावर संकट आले तर शस्त्र उचलणे हे नागरिकाचे कर्तव्य. कामतांची दुरुस्ती पडली. आज आपल्या मूलभूत हक्कांत शस्त्राचा उल्लेख अनुच्छेद १९मध्ये येतो तो उलट्या बाजूने. शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आपल्याला आहे. म्हणजे आज संध्याकाळी या सभामंडपात आपण बसलो आहोत तो हक्कच मुळी शस्त्र बाहेर ठेवण्याच्या अटीवर मिळालेला आहे.

हे उत्तर देणारा माणूस सुभेदाराचा मुलगा होता. त्याच्या जातीच्या लोकांनी कंपनी सरकारच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या बंदूक चालवली, आणि पुढे इंग्रजांनीच त्यांची भरती बंद केली. शस्त्र हातातून काढून घेतले की माणसाची पत कशी जाते, हे त्यांना घरातून ठाऊक होते. तरीही ते म्हणाले की हा हक्क सरसकट नको. कारण सरसकट हक्क मिळाला तर पहिली बंदूक कोणाच्या घरात जाईल, हेही त्यांना ठाऊक होते असे मी समजतो.

आता थोडे अमेरिकेचे. तिथल्या घटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ची. तिचा अर्थ नागरिक सेनेपुरता की प्रत्येक माणसाच्या घरापर्यंत, हा वाद दोनशे वर्षे चालला. २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो प्रत्येकाच्या घरापर्यंत नेला, आणि २०२२च्या निकालात घराबाहेरही. आज त्या देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. शंभर माणसांमागे एकशे वीस, असा स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेचा २०१८चा अंदाज आहे. डिसेंबर २०१२मध्ये सँडी हूकच्या शाळेत वीस लहान मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली, तरी देशभराचा कायदा फारसा हलला नाही. उलट ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६मध्ये पोर्ट आर्थरला पस्तीस माणसे मारली गेली, तेव्हा सरकारने काही महिन्यांत कायदा केला आणि सहा लाखांहून जास्त बंदुका पैसे देऊन परत घेतल्या.

अमेरिकेचा एक आकडा मला सगळ्यांत जास्त बोचतो, आणि तो खुनांचा नाही. २०२१ साली तिथे बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतली निम्म्याहून जास्त, २६ हजारांवर, स्वतःच्या हाताने मेली. विदर्भात राहणाऱ्या माणसाने हा आकडा वाचून थांबायला हवे. आपल्याकडे शेतकऱ्याच्या मनात काळोख दाटतो तेव्हा हाताशी काय असते, यावर तो वाचतो की नाही हे पुष्कळदा ठरते. तो क्षण टळला तर बहुतेक माणसे पुन्हा जगण्याकडे वळतात. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशके एकामागून एक बंद केली आणि तिथल्या आत्महत्या निम्म्याहूनही खाली आल्या. शेतकऱ्याची दुःखे काही तेवढ्याने संपली नव्हती, फक्त हाताशी असलेले मरण दूर गेले. कर्जाने पिचलेल्या आपल्या घराघरांत आणखी एक भरलेली बंदूक भिंतीला टांगून ठेवा, असे जो म्हणेल त्याला मी हा हिशेब विचारीन. आणि या सभेत कोणाच्या मनावर असा भार असेल तर त्याने आज घरी जाण्याआधी शेजारच्या माणसाशी बोलावे, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.

पण सरकारने शस्त्र दिले नाही की वाद संपला, असे मी म्हणणार नाही. इथेच माझे सांगणे सुरू होते. बाबासाहेबांच्या उत्तराला दुसरी बाजू आहे. राज्य म्हणते, तुझ्या हातातले शस्त्र मी घेतो, कारण तुझे रक्षण मी करीन. म्हणजे राज्यावर हे देणे आले. ते देणे चुकले तर काय होते, हे नागपूर विभागाने दोन वर्षांच्या अंतराने दोनदा पाहिले आहे.

१३ ऑगस्ट २००४. नागपूरचे जिल्हा न्यायालय. कस्तुरबानगरच्या वस्तीत अक्कू यादव नावाच्या गुंडाने वर्षानुवर्षे खून, बलात्कार आणि खंडणीने लोकांना हैराण केले होते. बायका तक्रार घेऊन जात आणि रिकाम्या हाताने परत येत. तक्रार केल्याची बातमी गुंडाला आधी कळे. त्या दिवशी त्याला न्यायालयात हजर केले आणि तो जामिनावर सुटणार अशी वार्ता पसरली. वस्तीतल्या बायका न्यायालयात शिरल्या. घरातल्या भाजीच्या सुऱ्या आणि तिखटाची पूड एवढेच त्यांच्याजवळ होते. न्यायाच्या दालनात त्या माणसाचा अंत झाला. ज्यांच्यावर खटला चालला ते सगळे दहा वर्षांनी पुराव्याअभावी सुटले.

मी वकील आहे. न्यायालयात झालेला खून मी योग्य म्हणू शकत नाही, म्हणणारही नाही. पण त्या बायकांना दोष देताना माझी जीभ अडखळते. त्यांनी परवाना मागितला नव्हता, बंदूकही मागितली नव्हती. त्यांनी फिर्याद घ्या म्हटले होते. राज्याचे देणे जिथे थकते तिथे भाजीची सुरी शस्त्र होते, आणि तिच्यावर कोणताही कायदा बंदी घालू शकत नाही.

दुसरे, खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्ह्यातला मोहाडी तालुका. एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे गावातल्या जमावाने ठार मारले. तिथे एकही गोळी झाडली गेली नाही. कुऱ्हाडी होत्या, काठ्या होत्या, सायकलच्या चेन होत्या. पोलिसांनी हयगय केली म्हणून नंतर अधिकारी निलंबित झाले; मेलेली माणसे त्याने परत आली नाहीत. काही तरुण मला विचारतात, त्या घरात बंदूक असती तर? मी त्यांना उलट विचारतो, कायद्याने सर्वांना बंदूक मोकळी असती तर त्या गावात पहिल्या दहा बंदुका कोणी घेतल्या असत्या? ज्यांच्याकडे जमीन होती, पैसा होता, संख्या होती त्यांनीच. त्या घराच्या वाट्याला अकरावी आली असती, आलीच तर. सरसकट हक्क कागदावर सर्वांना सारखा असतो. गावात तो बळकटाच्याच हाती जातो.

एक गोष्ट वकिलांनाही नीट ठाऊक नसते, म्हणून ती सावकाश सांगतो. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखण्याच्या कायद्याखाली १९९५ साली नियम झाले. त्यांतला नियम ३ सांगतो की जिथे अत्याचाराची शक्यता दिसते त्या भागात सरकारने बिगर-दलित, बिगर-आदिवासींचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, बेकायदा बंदुका जप्त कराव्यात आणि गरज वाटली तर दलित-आदिवासींना स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत. सगळ्यांना द्या किंवा सगळ्यांकडून काढून घ्या, या दोन टोकांच्या पलीकडचा हा विचार आहे. धोका कोणाला आहे आणि धोका कोणापासून आहे, हे पाहून शस्त्र द्यायचे किंवा काढायचे. मला वाटते, १९४८च्या त्या चर्चेतला खरा निष्कर्ष १९९५च्या या नियमात उतरला आहे. तो कपाटात पडून राहतो, हे आपले दुर्दैव.

आता आपल्या शिवाराकडे येऊ, कारण तुमच्यातले निम्मे लोक त्यासाठीच आले आहेत, हे मला चेहऱ्यांवरून दिसते.

खाप्याच्या आसपास एका बाजूला जंगल, एका बाजूला मँगनीजच्या खाणी, मधे कापूस, तूर, हरभरा आणि संत्र्याच्या बागा. शेतपंपाची वीज पुष्कळदा रात्रीची येते. म्हणजे अंधारात ओलितासाठी जायचेच, आणि जागलही करायचीच. माळ्यावर बसलेला माणूस रात्रभर टिनाचा डबा बडवतो, फटाके उडवतो, बॅटरी फिरवतो. रानडुकरांचा कळप हरभऱ्यात शिरला की एका रात्रीत एकरभर रान नांगर फिरल्यासारखे उकरून ठेवतो. रोही, म्हणजे नीलगाई, तर डबा बडवला तरी मान वर करून बघत राहतात.

अशा माणसासाठी कायद्यात जागा आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाचे कलम १३ पाहा. स्वतःच्या रक्षणासाठी वीस इंचांहून कमी नळी नसलेली साधी बंदूक, किंवा पीकरक्षणासाठी तोंडाकडून भरायची बंदूक कोणी मागितली, आणि त्याचे कारण खरे असले, तर परवाना देण्याकडे कायद्याचा कल आहे. ही तोंडाकडून भरायची बंदूक म्हणजे आपल्याकडची भरमार. जुन्या माणसांनी ती पाहिली असेल. आधी नळीच्या तोंडातून दारू ओतायची, त्यावर चिंधी कोंबायची, गजाने ठासायची, मग छर्रे टाकायचे, पुन्हा चिंधी, पुन्हा गज. शेवटी घोड्याखाली टोपी बसवायची. एवढे सगळे झाल्यावर एक बार. दुसरा बार काढायचा तर हे सगळे पुन्हा पहिल्यापासून, तोवर डुक्कर पलीकडच्या धुऱ्यावर पोचलेले असते. या बंदुकीने जनावर दचकते, पीक वाचते, पण हिने कोणी चौकात वीस माणसे मारू शकत नाही. कायदा करणाऱ्यांनी तिला वेगळे ठेवले ते विचार करूनच. गडचिरोलीत मात्र याच भरमार नक्षल्यांच्या हाती पडू लागल्या, म्हणून गावांनी आपल्याजवळच्या बंदुका पोलिसांकडे जमा केल्या. तिथले ते बरोबर होते. इथला प्रश्न वेगळा आहे, हेही तितकेच खरे.

परवान्याने बंदूक मिळाली तरी वन्यजीव कायदा आहेच. पीक खाणाऱ्या डुकरालासुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही, आणि मारण्याची परवानगी व बंदुकीचा परवाना ही दोन वेगवेगळ्या टेबलांवरची कामे आहेत. शेतकरी या टेबलांमध्ये फिरून थकतो. मग काय करतो? कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडतो. आपल्या शिवारातले सर्वांत घातक शस्त्र ही जिवंत तार आहे. तिला परवाना लागत नाही, तिला नेम धरावा लागत नाही, आणि पहाटे ओलिताला आलेला शेजारी तिच्यात सापडतो. विदर्भात या तारांनी वाघ मेले, गुरे मेली, माणसे मेली. ज्याने तार लावली तो तुरुंगात गेला आणि दोन घरे उघडी पडली. भरमारचा परवाना अडवून आपण शांतता राखली, असे ज्याला वाटते त्याने ही घरे पाहून यावीत.

म्हणून मला विचाराल तर सौर कुंपणाला अनुदान हवे, ओलिताला दिवसा वीज हवी, पीकहानीची भरपाई त्याच हंगामात हवी. हे राज्याचे देणे आधी. ते होईपर्यंत खऱ्या शेतकऱ्याला, तपासून, भरमारचा किंवा एकनळीचा परवाना मिळावा. आणि जो माणूस शहरात दोन गाड्यांच्या ताफ्यात फिरतो, ज्याला पिस्तूल कमरेला दिसेल असे लावायचे असते, त्याचा अर्ज दहा वेळा तपासावा. आज पुष्कळदा उलटे घडते. उत्तर प्रदेशात बारा लाखांहून जास्त परवाने आहेत, आणि तिथे लग्नाच्या वरातीत आनंदाने झाडलेल्या गोळीने माणसे मरतात. २०१९मध्ये संसदेने अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली आणि एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. मला तो बदल योग्य वाटतो. मिरवायला बंदूक लागत असेल तर ती कोणाच्याच हाती नको.

एक आक्षेप येईल, तो मीच मांडतो. गुन्हेगार थोडाच परवाना काढतो? त्याला कट्टा मिळतोच, माऊजर मिळते, मग सरळ माणसालाच का अडवता? आक्षेपात तथ्य आहे. आपल्या देशात गोळीने होणारे बहुतेक खून बिनपरवाना बंदुकीने होतात. स्मॉल आर्म्स सर्व्हेचा अंदाज पाहा. भारतात नागरिकांच्या हाती सात कोटींवर बंदुका, आणि नोंदलेल्या त्यांतल्या जेमतेम एक कोटी. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच बिनपरवाना बंदुकांची स्वतःहून दखल घेतली आणि अमेरिकेसारखा शस्त्राचा मूलभूत हक्क आपल्याकडे नाही याची आठवण करून दिली. पण यावरून परवान्याची अट काढा हे सिद्ध होत नाही. आज ठाणेदाराला कमरेला बंदूक दिसली की तो विचारू शकतो, कागद दाखव. तो प्रश्नच गेला तर कट्टा आणि परवान्याची बंदूक यांत फरक उरणार नाही, आणि सगळ्यांत खूश कट्टेवालाच होईल. शोधायचे ते कारखाने, जिथे हे कट्टे ओतले जातात, आणि शोधायचे ते लोक, जे निवडणुकीच्या तोंडावर ते वाटतात.

निवडणुकीत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात, त्याबद्दलही तक्रारी येतात. आचारसंहिता लागली की शेतकऱ्याची भरमार जमा, आणि पीक ऐन भरात. खरे तर सरसकट जमा करा असे नाही. जिल्हा पातळीवरच्या छाननी समितीने प्रत्येकाचा विचार करायचा असतो. जामिनावर असलेला, गुन्ह्याचा इतिहास असलेला, मागच्या निवडणुकीत दंगा केलेला, अशांच्या बंदुका आधी. तुमच्याविरुद्ध काही नसेल तर तसा अर्ज समितीकडे देता येतो. तो द्या, तोंडी सांगून परत येऊ नका.

तोंडी हा शब्द वापरला त्यावरून शेवटचे. आमच्या कामात मला सगळ्यात जास्त दिसते ते हे, की माणसाला लेखी नकार मिळतच नाही. तो तीन वर्षे हेलपाटे घालतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत असे ऐकतो आणि घरी बसतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम १४मध्ये स्पष्ट आहे की परवाना नाकारताना कारण लेखी नोंदवावे लागते, आणि सार्वजनिक हिताला बाधा येणार नसेल तर ते मागणाऱ्याला द्यावे लागते. कलम १८खाली त्यावर अपील आहे. ग्रामीण भागाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, नागपूर शहराचा पोलीस आयुक्तांकडे. अर्जासोबत सातबारा, पीकहानीचे पंचनामे आणि वनखात्याकडे केलेल्या तक्रारींच्या पोचपावत्या लावा. वस्तीवर हल्ल्याची भीती असेल तर १९९५च्या नियम ३चा उल्लेख अर्जात करा आणि आधी पोलीस बंदोबस्त मागा, परवाना त्यानंतर. ज्यांचे अर्ज अडलेले आहेत त्यांनी कार्यक्रमानंतर कागद घेऊन मला भेटावे. आज जमले नाही तर मी सावनेरच्या न्यायालयात दररोज असतो. अपिलाला मुदत असते, म्हणून नकाराची तारीख मात्र आठवणीने आणावी.